झिलीला आणलं तो दिवस

भुवनेश्वरच्या विमानतळावर बसल्या बसल्या प्रतिभानं पोरीच्या पायात बूट तिसऱ्यांदा चढवले. बूट एक नंबर मोठे निघाले होते. दत्तक देणाऱ्या संस्थेनं फोनवर वजन सांगितलं होतं, उंची सांगितली होती. पायाचं माप विचारायचं प्रतिभाला सुचलं नव्हतं. यवतच्या एसटी स्टँडमागे तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. माप न घेता काही आणायची तिला सवय नव्हती, म्हणून ते बूट तिच्या डोळ्यांत सारखे खुपत होते.

पोरीचं नाव झिली. वय एक वर्ष दहा महिने, तेही अंदाजे. कागदावरची जन्मतारीख डॉक्टरांनी दात बघून ठरवली होती. सकाळी साडेदहाला संस्थेच्या ऑफिसात प्रतिभा आणि तिचा नवरा हनुमंत यांनी चार ठिकाणी सह्या केल्या. शेवटचा हुकूम निघायला अजून काही महिने जाणार होते, पण पोर आजच ताब्यात मिळाली. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि दत्तकासाठी नाव नोंदवून साडेतीन. हनुमंत कुरकुंभच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. त्यानं पाच दिवसांची रजा काढली होती, त्यातला हा तिसरा दिवस.

निघताना संस्थेतल्या बाईंनी हिंदीतून एकच गोष्ट दोनदा बजावली. पहिले काही आठवडे हिला भरवायचं, धुवायचं, झोपवायचं, ते फक्त तुम्ही दोघांनी. पाहुणे, शेजारी, आजी-आजोबा, कोणीही असो, उचलून घेऊ द्यायचं नाही. आजवर हिला अकरा बायकांनी सांभाळलंय. आपलं माणूस कोणतं, हे हिला अजून माहीत नाही. प्रतिभानं मान हलवली. हनुमंतनंही हलवली, पण त्याचं लक्ष फाइलमधले कागद मोजण्यात होतं.

प्रवासाची तयारी मात्र प्रतिभानं महिनाभर केली होती. तिच्या धाकट्या बहिणीला, पूनमला, शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईला दिलेली. पूनमचा नवरा फौजेत होता आणि ती दोन पोरांना घेऊन दोनदा विमानानं जम्मूला जाऊन आली होती. तिनं लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला होता. "ताई, दर धा मिन्टाला एक नवी वस्तू काढायची. सगळं एकदम दावायचं न्हाई. कागदात गुंडाळून ने, सोडण्यातच निम्मा येळ जातो. आन् इमान चढताना-उतरताना तोंडात कायतरी चघळाया दे. कान लई दुखत्यात बारक्यांचे."

त्याप्रमाणे प्रतिभाच्या पिशवीत रंगीत कागदात गुंडाळलेल्या नऊ वस्तू होत्या. त्यात तिनं स्वतः शिवलेलं कापडाचं पुस्तक होतं. एका पानावर चेन, एकावर टिचबटणं, एकावर बांधायची नाडी, आणि शेवटच्या पानावर खऱ्या लोकरीची मेंढी. लोकर सासऱ्यांच्या जुन्या घोंगडीची. चार रात्री जागून तिनं ते पुरं केलं होतं.

विमानात तीन सीटची रांग. खिडकीशी प्रतिभा, तिच्या मांडीवर झिली, मध्ये हनुमंत. कडेला पाठीवरची बॅग पायाशी ठेवून एक मुलगी बसली होती. हनुमंत शेजारी टेकला तशी झिली ताठ झाली. ती रडली नाही, पण तिनं श्वास धरून ठेवल्यासारखं केलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. दोन दिवस संस्थेतही हेच चाललं होतं. तिथं सगळ्या बायकाच. पुरुष म्हणजे सुई टोचणारा डॉक्टर, एवढीच तिला माहिती.

"मी तिकडं बसतो कडंला," हनुमंत हळूच म्हणाला. त्यानं मिशी गेल्याच आठवड्यात काढली होती, तरी उपयोग झाला नव्हता. त्यानं कडेच्या मुलीला हिंदीतून विनंती केली. ती लगेच मध्ये सरकली. "काही हरकत नाही काका," ती मराठीत म्हणाली. तिचं नाव लोपामुद्रा. घर कटकला, नोकरी खराडीत, पुण्यात चार वर्षं झाली होती.

दारं बंद होईपर्यंत प्रतिभानं पहिली वस्तू काढली. झिलीनं कागद उलगडला नाही. पुडी जशी दिली तशी हातात धरली. प्रतिभानं कागद फाडून आतलं रबरी बदक काढून दिलं, तर तेही तसंच धरलं. दाबलं नाही, तोंडात घातलं नाही, फेकलं नाही. दुसऱ्या हातात स्टीलची वाटी दिली, तीही धरून ठेवली. कापडाचं पुस्तक मांडीवर उघडून ठेवलं. लोकरीच्या मेंढीवर प्रतिभानं स्वतःचं बोट फिरवून दाखवलं. झिलीनं बोटाकडं पाहिलं. मग प्रतिभाकडं पाहिलं. तिला दिलेली वस्तू कोणीतरी परत न्यायला येईल आणि तोवर ती नीट सांभाळायची, असं तिचं बसणं होतं.

पंधरा मिनिटांत नऊपैकी सात पुड्या संपल्या.

विमान धावपट्टीवर पळायला लागलं, नाक वर झालं, आणि प्रतिभानं घाईनं लॉलीपॉपचा कागद काढला. झिलीला ती वस्तू माहीत नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटले. कान बंद झाले असावेत. तिनं दोन्ही हातांतलं सगळं सोडून कान धरले आणि किंचाळली. "माउसी!" मग पुन्हा, "माउसी!" संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मुलं हीच हाक मारत.

"अगं मी हाय ना. हे बघ, हे बघ बदक," प्रतिभा म्हणत राहिली.

मधल्या सीटवरून लोपामुद्रा वाकली. "काहिंकि कान्दुछु, मो सुना?" ती म्हणाली. का रडतेस गं, माझ्या सोन्या.

झिलीचं रडणं मध्येच तुटलं. तिनं लोपामुद्राकडं वळून पाहिलं, डोळे मोठे करून. लोपामुद्रानं आणखी काहीतरी विचारलं. झिलीनं दोन्ही हात तिच्याकडं पसरले. पट्ट्याचा दिवा विझला होता. प्रतिभाला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. पोर पट्ट्यातून निसटून पलीकडच्या मांडीवर गेली सुद्धा.

पुढचा अर्धा तास झिलीसारखी शहाणी पोर त्या विमानात दुसरी नव्हती. लोपामुद्रानं तिला खिडकीतून ढग दाखवले. "मेघ," ती म्हणाली. "मेघ," झिली म्हणाली. लोपामुद्रानं हाताच्या मुठी एकावर एक ठेवून काहीतरी गाणं म्हटलं, झिलीनं त्या मुठींवर आपली मूठ ठेवली. केसातलं रबर काढून बोटांत ताणून दाखवलं. रबर उडून पुढच्या सीटवर गेलं आणि झिली हसली. खालचे दोन दात किंचित वाकडे होते. ते प्रतिभाला आत्ता कळलं.

"बघ, हसली!" हनुमंत मधल्या वाटेपलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. त्यानं मोबाइल काढून फोटो घेतला. प्रतिभाही हसली. तिच्या मांडीवर उघडं पुस्तक होतं, वाटी होती, रंगीत कागदांचे तुकडे होते. ती ते कागद एकेक करून घडी घालू लागली.

"किती गोड आहे हो," लोपामुद्रा म्हणाली. "तुमची...?"

"आजच घेतली," प्रतिभा म्हणाली. मग तिला ते शब्द बरोबर वाटले नाहीत. "दत्तक. आजच मिळाली."

"अरे वा!" लोपामुद्राला खरोखरच आनंद झाला. तिनं झिलीला जवळ ओढलं. झिलीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. डोळे जड व्हायला लागले होते. अंगठा तोंडात गेला.

प्रतिभा ते बघत होती. झोपेल आता, आणि पुण्यात उतरल्यावर जागी होईल तेव्हा ही मुलगी निघून गेलेली असेल. मग बारावी बाईही गेली, एवढंच पोरीला कळेल.

"द्या तिला माझ्याकडं," ती म्हणाली.

लोपामुद्राला वाटलं, त्रास होतोय म्हणून म्हणताहेत. "राहू द्या ना काकू, मला काही त्रास नाही."

"तसं न्हाई. द्या."

"राहू दे की प्रतिभा," हनुमंत पलीकडून म्हणाला. "झोपतीया ती. उठवून काय करतीस?"

"झोपू दे. पण माझ्यापाशी."

"अगं, सगळं इमान उठवशील."

प्रतिभानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं लोपामुद्राला विचारलं, "घरी जायचंय, हे तुमच्यात कसं म्हणतात?"

"घरकु जिबा."

"घरकु जिबा," प्रतिभानं दोनदा घोकलं. मग दोन्ही हात पुढं केले आणि झिलीला उचलून घेतलं.

झिलीनं डोळे उघडले. काय झालं हे कळायला तिला एक क्षण लागला. मग तिनं पाठीची कमान केली आणि जी ओरडली, ती पुढं चाळीस मिनिटं थांबली नाही. पायांनी समोरची सीट लाथाडली. एक बूट उडून मधल्या वाटेत पडला. लोपामुद्राकडं हात पसरून ती माउसी, माउसी म्हणत राहिली. लोपामुद्राचेही हात नकळत पुढं आले.

"घरकु जिबा," प्रतिभा तिच्या कानाशी म्हणाली. "घरकु जिबा बाळा."

त्यावर झिलीनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि दुप्पट जोरानं हंबरडा फोडला. घर म्हटल्यावर तिला जे घर आठवलं असेल, ते मागं राहिलं होतं. हे प्रतिभाच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. मग तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

"काकू, एक करू का, थोडा वेळ मी..." लोपामुद्रा म्हणाली.

"तुम्ही राग मानू नका," प्रतिभा म्हणाली. "तुम्ही दिसताय तोवर ती माझ्याकडं ऱ्हायची न्हाई. मागं कुठं सीट रिकामी असंल तर बसाल का?"

लोपामुद्राचा चेहरा उतरला. अर्धा तास ती पोर तिच्या खांद्यावर होती. बॅग उचलून ती पाचसहा रांगा मागं एका रिकाम्या सीटवर जाऊन बसली. हनुमंत त्या वेळी बूट शोधत खाली वाकला होता. वर आला तेव्हा मधली सीट रिकामी होती.

मागच्या रांगेतला एक माणूस शेजारणीला म्हणाला, "बच्ची इनकी है भी?" तो हळू बोलला होता, पण ऐकू जाईल एवढं. त्यानं वरचं बटण दाबलं. हवाईसुंदरी आली, त्याच्याशी वाकून बोलली, मग प्रतिभाच्या रांगेपाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, बेबी ठीक है? आप... मदर हैं?"

प्रतिभाला हो म्हणता आलं नाही. चाळीस डोळे तिच्यावर होते आणि मांडीवरची पोर तिला नखांनी ओरबाडत होती. "हां," शेवटी हनुमंत म्हणाला. त्यानं फाइल काढली, कागद उलटून फोटोचं पान पुढं केलं. फोटोत तिघं होते. झिली मध्ये, कोणाकडंच न बघता. हवाईसुंदरीनं कागद वाचला. सगळा नसेल वाचला, पण पुरेसा वाचला. तिनं फाइल दोन्ही हातांनी परत दिली आणि थोड्या वेळानं कागदी कपात पाणी आणून ठेवलं. मागच्या माणसालाही काहीतरी सांगितलं असावं. तो डोळे मिटून बसला.

रडून रडून झिलीला उलटी झाली. सकाळचा भात आणि दूध सगळं प्रतिभाच्या नव्या साडीवर. हनुमंत उठला, हात पुढं केले, पण त्याला बघून पोर आणखी बिथरली. "तुम्ही बसा," प्रतिभा म्हणाली. तिनं झिलीला तसंच छातीशी धरलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि सीटांना धरत धरत मागच्या संडासापर्यंत गेली.

आत दोघींना जेमतेम उभं राहता येत होतं. प्रतिभानं झिलीला बेसिनच्या कडेवर बसवलं. फ्रॉक काढला. दंडावर लसीचे दोन व्रण होते आणि पाठीवर घामोळं उठलं होतं. संस्थेतून पोर कपड्यांत मिळाली होती. तिचं अंग प्रतिभा पहिल्यांदाच बघत होती. तिनं ओल्या रुमालानं गळा पुसला, काखा पुसल्या, कानामागं गेलेलं पुसलं, लंगोट बदलला. झिली हुंदके देत होती, पण पाण्याकडं बघत होती. नळ दाबला की पाणी यायचं आणि आपोआप थांबायचं. प्रतिभानं पुन्हा दाबला. झिलीनं हात खाली धरला. त्या दोघींनी तो नळ किती वेळा दाबला कोण जाणे. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं.

घाईत प्रतिभानं वळून फ्लश दाबला.

तो आवाज कसा असतो ते तिला माहीत नव्हतं. सगळं विमानच खालून कोणी ओढून घेतंय असा. प्रतिभा स्वतः दचकली. झिलीनं एकदम झेप घेतली आणि प्रतिभाच्या गळ्याला मिठी मारली, दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, मंगळसूत्र गळ्यात रुतेल इतकी घट्ट. आवाज थांबला तरी ती सुटली नाही. जायला दुसरं कोणी तिथं नव्हतं, एवढंच त्याचं कारण असेल. प्रतिभाला कारणाशी देणंघेणं नव्हतं. ती ओल्या साडीत, भिंतीला पाठ लावून, बाहेरचा माणूस दार बडवत असताना तशीच उभी राहिली.

जागेवर आल्यावर तिनं पिशवीतून काहीच काढलं नाही. उरलेल्या दोन पुड्या तशाच राहू दिल्या. तिला भूक लागली होती. संस्थेतल्या स्वयंपाकिणीनं निघताना चुरमुऱ्यांची पिशवी दिली होती, मुढी म्हणत होती ती त्यांना. प्रतिभानं ती उघडली आणि स्वतः खायला लागली. मूठभर घ्यायची, चार दाणे तोंडात टाकायचे. झिली तिच्या जबड्याकडं बघत होती. थोड्या वेळानं पदरावर सांडलेला एक दाणा तिनं उचलला. प्रतिभा आपली खात राहिली. झिलीनं दाणा खाल्ला, दुसरा उचलला, तो पाण्याच्या रिकाम्या कपात टाकला. मग आणखी एक. कप थोडा भरला की ती तो पदरात उपडा करायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. काही दाणे सीटच्या फटीत गेले, काही खाली. हनुमंत मधल्या सीटवर येऊन बसला, पण अंग चोरून, आणि तोंड मुद्दाम पुढं ठेवून. एकदा एक दाणा त्याच्या गुडघ्यावर पडला. झिली त्या दाण्याकडं बराच वेळ बघत राहिली. त्यानं गुडघा हलवला नाही. तिनं तो दाणा उचलला नाही, पण रडलीही नाही.

उतरताना तिचे कान पुन्हा दुखले. ती रडली, पण तोंडात चुरमुरे होते आणि ते चावायचे की रडायचं हे तिचं ठरत नव्हतं.

सामानाच्या पट्ट्यापाशी लोपामुद्रा दिसली. ती समोरच्या बाजूला, खांबाच्या आड उभी होती. तोंडाला मास्क लावला होता, केस ओढणीखाली घेतले होते. झिलीनं आपल्याला ओळखू नये म्हणून ती तशी उभी आहे, हे प्रतिभाला कळलं. तिनं लांबूनच हात जोडले. लोपामुद्रानं मान हलवली, बॅग ओढली आणि मागं न बघता दाराकडं गेली.

बाहेर मच्छिंद्र गाडी घेऊन थांबला होता, हनुमंतचा चुलतभाऊ. त्यानं पोरीला घ्यायला हात पुढं केले, तसा हनुमंत मध्ये आला. "नगं. तू गाडी चालीव."

"बघू तर दे की तोंड."

"आरशातनं बघ."

हडपसरच्या पुढं ट्रॅफिक होतं. झिली प्रतिभाच्या मांडीवर चुळबुळत, मधूनच कण्हत होती. उरुळी कांचन गेल्यावर हनुमंतनं वडिलांना फोन लावला. रखमाजी आबांनी उभा जन्म मेंढरांमागं काढला होता. गुडघे गेल्यावर कळप विकून ते घरी बसले होते. दत्तकाबद्दल साडेतीन वर्षांत ते चांगलं बोलले नव्हते आणि वाईटही बोलले नव्हते. त्यांच्या मनात काय आहे, हे प्रतिभाला कधी कळलं नव्हतं.

"आबा, आर्ध्या तासात पोचतो. हलगीवाले आलेत का?"

"आलं व्हतं. दिलं लावून."

"का? आन् पाव्हणं?"

"त्यास्नी बी सांगितलं, आज न्हाई." फोन स्पीकरवर होता. झिली कण्हली, ते तिकडं ऐकू गेलं. "रडतंय व्हय रं?"

"दिवसभर रडलीय आबा."

"मग. आसल्यात वाजिवतं व्हय कुणी? दार उघडं हाय. भात, वरण झाकून ठिवलंय. मी वरल्या आळीच्या बाळासोच्या घरी चाललोय झोपाया, आमचा बी आवाज नगं तिला. सकाळच्याला येतो, लांबूनच बसंन." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मच्छिंद्रनं वाजत असलेला रेडिओ बंद केला.

यवतला घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. दारात रांगोळी होती, पण माणूस नव्हतं. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. प्रतिभानं झिलीला कडेवरून उतरवलं नाही. तशीच आत गेली, तशीच हातपाय धुतले, जमिनीवर बसून झिलीला मांडीवर घेतलं. हनुमंतनं ताट वाढून आणलं, ते तिच्यासमोर ठेवलं आणि मागं सरकत सरकत भिंतीपाशी जाऊन बसला. पातेलं त्याच्याजवळ होतं.

प्रतिभानं भात वरणात कालवला आणि घास पुढं केला. झिलीनं तोंड उघडलं. पहिला घास बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला. दुसरा लवकर गेला. बाहेर सोलापूर रोडवरून ट्रकांचा आवाज येत होता. ताटातला भात संपला. प्रतिभा ताट बाजूला ठेवायला गेली, तशी झिलीनं ताटाची कड धरली आणि रिकाम्या ताटात हात आपटला. एकदा, मग पुन्हा जोरात.

"तिला अजून पायजे," प्रतिभा म्हणाली.

हनुमंत उठला नाही. त्यानं भिंतीपाशी बसूनच पातेलं फरशीवरून हळूच पुढं ढकललं. झिलीनं आधी पातेल्याकडं, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि ताटात पुन्हा हात आपटला.